जाळ आणि धूर संगटच

जुना ट्रॅक्टर विकणारा माणूस खोटं बोलत नाही. तो अर्धंच वाक्य बोलतो. उरलेलं अर्धं ट्रॅक्टर बोलतो, तेही पैसे मोजून झाल्यावर.

"एका हातातला हाय बघा, पावणं." खरंच असतं. स्टेअरिंग एकाच हातात असतं, कारण दुसऱ्या हातानं गिअरचा दांडा दाबून धरावा लागतो. सोडला की चढाला गिअर निसटलाच. "इंजिनाला कुणाचा हात लागल्याला न्हाई." म्हणजे लागायला हवा होता तेव्हाही लागलेला नाही. "ट्रॉलीला कधी जोडलाच न्हाई, नुसता रानात." गळीत हंगामात आमच्याकडं ज्याला चाकं आहेत ते सगळं ऊस वाहतं. तिथं ४० वर्षांचा ट्रॅक्टर ट्रॉलीविना कोरा राहिला, हे मान हलवून ऐकून घ्यावं आणि बूट बांधायच्या निमित्तानं खाली वाकून मागच्या हुकाचं भोक बघावं. भोक गोल असेल तर माणूस पंढरीचा वारकरी. लांबट झालं असेल तर आजवर किती खेपा झाल्या याची वही तिथंच उघडी आहे.

सगळ्यांत महाग वाक्य मात्र "आत्ताच इंजिन केलंय". या 'केलंय'ला कर्म नाही. नुसत्या रिंगा बदलल्या तरी केलंय, लायनर-पिस्टन घातले तरी केलंय, आणि डिझेलनं धुऊन वर तांबडा रंग मारला तरी केलंयच. म्हणून एकच प्रश्न विचारायचा: क्रँक (पिस्टन ज्याला फिरवतात तो इंजिनाचा मुख्य दांडा) घासला का, आणि किती साइजला? या जुन्या इंची इंजिनांत क्रँक घासला की बेअरिंग १०, २० आणि ३० थाऊच्या पायऱ्यांनी जाड घालावी लागतात. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. ३० वर गेलेला क्रँक म्हणजे पेन्शनीला टेकलेला मास्तर. पुढच्या वेळी नवाच आणावा लागणार. ज्यानं खरोखर काम केलंय तो आकडा पटकन सांगतो. ज्यानं रंगच मारलाय तो चहा मागवतो.

'जुना' म्हणून बाजारात येणारी घराणी तशी मोजकीच. मद्रासच्या टाफे कंपनीनं १९६० च्या दशकापासून काढलेली मॅसी फर्ग्युसन, तिचं तीन सिलिंडरचं इंजिन मूळचं इंग्लंडच्या पर्किन्स कंपनीच्या वळणाचं. महिंद्र आणि अमेरिकेची इंटरनॅशनल हार्वेस्टर यांनी १९६३ साली हात मिळवून आणलेला बी-२७५, चार सिलिंडर, ३५ हॉर्सपॉवर. १९७१ पासून पिंजोरला चेकोस्लोव्हाकियाच्या झेटरच्या तंत्रावर निघालेले एचएमटी. १९७४ चा स्वराज ७२४, पोटात किर्लोस्करांचं दोन सिलिंडरचं इंजिन. यातला चांगला कुठला, यावर पारावर हाणामारीची वेळ येते. माझं मत कुणालाच आवडत नाही: तुमच्या गावात आधीच तिघांकडं जो आहे तो घ्या. एचएमटीचा ट्रॅक्टर कारखाना बंद करायचा निर्णय २०१६ साली झाला. ट्रॅक्टर वाईट म्हणून नव्हे, पण ऐन पेरणीत एखादा गिअर शोधत तीन तालुके फिरायची हौस आहे का, हे आधी ठरवलेलं बरं. शेजाऱ्याकडं तोच ट्रॅक्टर असला की एक पुली, एक पाना आणि एक फुकटचा सल्ला हाताशी राहतो. पहिल्या दोन गोष्टी उपयोगाच्या असतात.

बघायला जाताना सकाळी सातला येतो म्हणून सांगावं आणि साडेसहाला दारात हजर व्हावं. राम राम करता करता इंजिनाच्या ब्लॉकवर तळहात ठेवायचा. थंडगार लागला तर ठीक. कोमट लागला तर नवरदेवाला आधीच हळद लावून उभं केलंय. जुन्या डिझेल इंजिनाची परीक्षा पहिल्या सेल्फला असते. एकदा तापलं की त्यातलं कुठलंही इंजिन सज्जन वाटतं. बी-२७५ ला थंड इंजिन आतून गरम करणारे हीटर प्लग आहेत, त्यांना तापायला वेळ द्यावा लागतो. त्याआधीच सेल्फ मारत बसणारा माणूस एक तर घाईत आहे किंवा प्लग मेलेत हे त्याला माहीत आहे.

आता धूर. कोल्हापुरात 'जाळ आणि धूर संगटच' ही शाबासकी आहे. ट्रॅक्टरच्या बाबतीत तो वैद्याचा रिपोर्ट समजावा. सुरू होताना डोळे चुरचुरवणारा पांढरा धूर म्हणजे न जळलेलं डिझेल. मिनिट-दोन मिनिटांत विरला तर माफ. विरत नसेल तर डिझेल फवारणारं नोझल गळतंय किंवा कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरातला दाब, संपलंय. इंजिन तापल्यावरही पांढरी वाफ येत राहिली तर पाणी आत जातंय. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय, रिंगा गेल्या किंवा व्हॉल्व्ह गाइड. काळा धूर थ्रॉटलच्या झटक्याला एक भपकारा येऊन थांबला तर काही नाही. सतत येत असेल तर आधी एअर क्लीनर बघा आणि मग डिझेल पंपाच्या स्क्रूवरचं तारेचं सील. सील तुटलेलं असेल तर दोन ट्रॉल्या ओढायला कुणीतरी डिझेल वाढवलंय. रात्री सायलेन्सरच्या तोंडातून ठिणग्या उडत असतील तर म्हणीतला जाळही पुरा झाला. शेजारी वाळलेलं पाचट असेल तर तो अख्खा फड पुरा करील.

डिपस्टिक ओढून बघताना सगळे ऑइल कमी आहे का ते बघतात. मी म्हणतो, जास्त आहे का ते बघा. खुणेच्या वर चढलेलं पातळ ऑइल बोटावर घेऊन वास घ्या. डिझेलचा वास आला तर टाकीतलं डिझेल पुढं ढकलणाऱ्या फीड पंपाचा पडदा फाटून ते थेट खालच्या ऑइलच्या चेंबरात उतरतंय. पडदा स्वस्त असतो. पण पातळ ऑइलवर महिनाभर फिरलेली बेअरिंगं स्वस्त नसतात. मालक मात्र अभिमानानं सांगतो, "ऑइल खातच न्हाई बघा, उलट वाढतंय." ऑइल दुधाच्या चहासारखं दिसलं तर पाणी मिसळलंय. तिथं चहा घेऊन निघावं.

मग रेडिएटरचं झाकण उघडायचं, पण इंजिन थंड असतानाच. तापल्यावर उघडाल तर तोंडाला वाफेचा शेक मिळेल. झाकण उघडं ठेवून सुरू करा आणि थ्रॉटल वाढवा. पाण्यात एकसारखे बुडबुडे येत असतील तर हेडचं पॅकिंग उडालंय किंवा हेडला चीर आहे. ऑइल भरायचं झाकण काढून तोंडावर तळहात धरा. बारीक फुंकर लागली तर वयोमान. धाप लागल्यासारखे तेलकट धुराचे ढेकर आले तर रिंगा-लायनरचं आयुष्य संपलंय. ऑइल प्रेशरचा काटा थंड इंजिनात कुणाचाही ताठच उभा असतो. अर्धा तास नांगर ओढवून, पुरतं गरम करून, मंद चालीवर तो किती पडतो ते बघायचं. काटा मुळातच मेलेला असेल तर आश्चर्य नको. तास दाखवणारं मीटरही शेजारीच मेलेलं असतं. दोघं एकाच साथीत गेले असावेत.

लिफ्टच्या, म्हणजे मागचं अवजार उचलणाऱ्या हातांच्या, बाबतीत गंमत आहे. जुन्या मॅसी ३५ च्या घराण्यात हायड्रॉलिक पंप पीटीओच्या, म्हणजे मागची अवजारं फिरवणाऱ्या, शाफ्टवरच फिरतो. त्यामुळं पीटीओचा दांडा घातल्याशिवाय लिफ्ट उचलत नाही, आणि सिंगल क्लच असेल तर क्लच दाबला की तीही थांबते. हे ठाऊक नसलेला गिऱ्हाईक चांगली लिफ्ट बिघडलेली समजून निघून जातो, आणि हे ठाऊक असलेला गप्प राहून भाव पाडतो. यात पुण्य कुणाला हे ठरवायला मी बसलेलो नाही. पण खरी परीक्षा पुढची: नांगर उचला, इंजिन बंद करा आणि मगाचा चहा आता प्या. कप संपेपर्यंत नांगर जमिनीला टेकला तर सिलिंडरचं सील किंवा व्हॉल्व्ह गळतोय. चालू इंजिनावर नांगर वरच्या वर नाचत असेल तर दुखणं तेच, फक्त लेझमीसह.

खाली वाकलाच आहात तर इंजिन आणि गिअरबॉक्स जोडतात तिथं तळाला एक बारीक भोक असतं, त्यात एक कॉटर पिन लोंबकळत असते. ती पिन शोभेची नव्हे. हलत राहून ती भोक चिखलानं बुजू देत नाही. तिथून इंजिन ऑइल ठिबकत असेल तर क्रँकचं मागचं सील गेलंय. गिअर ऑइल असेल तर गिअरबॉक्सचं पुढचं. दोन्हींसाठी ट्रॅक्टर मधोमध तोडावा लागतो, म्हणजे इंजिन पुढं आणि बाकीचं धड मागं. भोक मुद्दाम ग्रीस घालून बुजवलेलं असेल तर ठिबक थांबलेली नसते. ऑइल आत क्लचप्लेटवर साठत असतं, मग ट्रॅक्टर चढाला गुरगुरतो पण सरकत नाही.

पुढचा अ‍ॅक्सल जॅकवर उचलून चाक दोन्ही हातांनी हलवा. वरखाली खटखट झाली तर चाक ज्यावर वळतं त्या किंगपिनचे बुश, अख्खा अ‍ॅक्सलच पुढंमागं सरकला तर मधल्या पिनचा बुश. मागचे टायर बहुतेक १२.४-२८ किंवा १३.६-२८ असतात. नक्षी किती उरली हे सगळेच बघतात, बाजूच्या चिरा कुणी बघत नाही. व्हॉल्व्हभोवती रिम गंजून फुगलीय का तेही बघा. वजनासाठी टायरात पाणी भरतात. व्हॉल्व्ह वर आणून तीन-चतुर्थांश भरलं तर एका चाकात दीड-दोनशे लिटर मावतं, आणि ते वर्षानुवर्षं रिम आतून खात बसतं.

कागदांचं थोडक्यात. आरसी बुकावरचा चेसिस नंबर आणि लोखंडावरचा नंबर बोट फिरवून ताडून बघा. पहिल्या नोंदणीची १५ वर्षं कधीच संपलेली असतात, त्यानंतर दर ५ वर्षांचं नूतनीकरण झालंय का ते बघा. नाव बदलायला फॉर्म २९ आणि ३०. कर्ज काढलेलं असेल तर बोजा उतरवायला बँकेच्या सहीचा फॉर्म ३५. "सोसायटीचं कवाच फिटलंय" हे वाक्य फॉर्म ३५ नव्हे.

आता ट्रॅक्टर घरी आला. गावात शिरताना 'ज्योतिबाच्या नावानं चांगभलं' झालं, पेढे झाले. दुसऱ्या दिवशी पहिला नट खोलायला १४ चा पाना लावला आणि तो बसेना. १५ चा लावला, तो फिरला, पण नट जागच्या जागी. आपल्याकडचे पाने मिलिमीटरचे आणि जुनी मॅसी इंचाची. तिथला ९/१६ इंच म्हणजे १४.२९ मिलिमीटर: १४ ला मोठा, १५ ला लहान. ७/१६ म्हणजे ११.११, त्याचंही तसंच. अर्धा इंच १२.७, तिथं १३ चा पाना बसल्याचं सोंग करतो आणि नटाच्या कडा गोल करून ठेवतो. पाऊण इंच मात्र दयाळू, १९.०५, त्याला १९ चालतो. कोल्हापुरातल्या वर्कशॉपांच्या वस्तीतले, उद्यमनगरातले, जुने मिस्त्री हे सगळं सुतात बोलतात. इंचाचे आठ सूत: अर्धा इंच चार सूत, ९/१६ साडेचार सूत, पाऊण इंच सहा सूत. साडेतीनपासून सहा सुतापर्यंतचे रिंग पाने पहिल्याच आठवड्यात घ्या आणि शेजाऱ्याला उसने देऊ नका. ट्रॅक्टर परत येईल, पाना येणार नाही.

यानंतरचं नित्यकर्म म्हणजे डिझेलच्या नळ्यांतली हवा काढणं. डिझेल संपलं, फिल्टर बदलला किंवा नुसती इच्छा झाली, की इंजिन हवा धरतं. जाणकारानं पहिल्यांदा बघायची गोष्ट पंप नव्हे, इंजिन बंद करायची स्टॉपची तार. ती ओढलेलीच राहिलीय आणि चार माणसं तासभर हवा काढतायत, हे दृश्य प्रत्येक गावात वर्षातून एकदा दिसतं. तार आत आहे, टाकीत डिझेल आहे आणि कॉक उघडा आहे असं पक्कं झालं की फिल्टरच्या डोक्यावरचा हवेचा स्क्रू दोन आटे ढिला करायचा आणि फीड पंपाचा छोटा दांडा हातानं वरखाली मारायचा. दांडा निर्जीव लागला, दाबच येईना, तर पंप मेलेला नाही; आतला कॅम नेमका फुगवट्यावर थांबलाय. इंजिन एक फेरा फिरवा, दांड्यात जीव येतो. ही एवढी गोष्ट माहीत नसल्यानं कित्येक धडधाकट फीड पंप भंगारात गेलेत. स्क्रूतून फेस येतो, मग बुडबुडे, मग सलग धार. धार आली की कसायचं. त्यानंतर नोझलांना डिझेल देणाऱ्या रोटरी पंपावरचे दोन स्क्रू तसेच, खालचा आधी, वरचा नंतर. मग थ्रॉटल पूर्ण उघडून दोन नोझलांच्या नळ्यांचे नट ढिले करायचे आणि सेल्फ मारायचा. नटातून डिझेल थुंकायला लागलं की कसा, इंजिन धरतंच. नोझल बाहेर काढून फवारा बघायचा झाला तर हात लांब ठेवा. ती धार कातडीत शिरते आणि मग दवाखाना ट्रॅक्टरचा नव्हे, तुमचा.

एकदा काढलेली हवा रोज धरत असेल तर ती कुठून तरी आत शिरतेय. टाकी ते फीड पंप एवढ्या टप्प्यात पाइपला चीर असेल तर डिझेल बाहेर गळत नाही, उलट हवा आत ओढली जाते. म्हणून कोरड्या पाइपवर विश्वास ठेवू नये. फिल्टरची रबरी रिंग पिळवटलेली असते किंवा तांब्याचा वायसर कडक झालेला असतो. हा वायसर फेकू नका. लाल होईतो तापवून पाण्यात टाका, मऊ पडतो. पोलाद असं केल्यानं कडक होतं, तांबं उलटं वागतं.

मग थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरात जाऊ न देणारी झडप. जुन्या ट्रॅक्टरला तो नसतोच. कंपनीनं बसवलेला असतो, पण पहिल्यांदा इंजिन तापलं त्या दिवशी कुणीतरी तो काढून फेकलेला असतो, आणि त्या माणसाला गावात अजून मान असतो. खरं म्हणजे तापायचं कारण विहिरीच्या जड पाण्यानं रेडिएटरात धरलेला क्षार किंवा ढिला पट्टा. थर्मोस्टॅट काढल्यानं पुढचं सगळं आयुष्य इंजिन गारठलेलं चालतं, डिझेल पुरतं जळत नाही, ते लायनरवरून उतरून ऑइल पातळ करतं. नवा बसवा असं म्हटलं की मिस्त्री माझ्याकडं शहरातून आलेल्या जावयाकडं बघावं तसं बघतो.

एअर क्लीनर जुन्या पद्धतीचा, तळाच्या वाटीत ऑइल घातलेला. धुळीच्या दिवसांत रोज वाटी काढून तळाचा गाळ बघायचा. ऑइल खुणेइतकंच. 'चार घोट जादा' घातलं तर इंजिन ते आत ओढतं, जाळतं आणि थ्रॉटल सोडला तरी पळत सुटतं. ट्रॅक्टर महिनाभर उभा असेल तर आधी उंदरांचा संसार काढा. टॅपेटची फट (व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणारा दांडा यांतली) पर्किन्सच्या तीन सिलिंडरला थंड इंजिनात १२ थाऊ, गरम असताना १०. हे दोन आकडे भिंतीवर खडूनं लिहून ठेवावेत, कारण मिस्त्री ती 'अंदाजे' लावतो.

उद्यमनगर हाताशी असणं हे कोल्हापूरच्या जुन्या ट्रॅक्टरवाल्याचं भाग्य. क्रँक घासून मिळतो, बुश कातून मिळतो, तुटलेल्या बिडाच्या भागावरून नवं ओतकाम होतं. अट एकच: जुना तुकडा सोबत न्या. "असा एवढा, गोल, मधे भोक" एवढ्यावर काही बनत नाही. दुसरी अट, उद्या मिळेल म्हटलं की ऊसतोड टोळीच्या उद्यासारखा तो धरावा.

पावसाळ्यात संध्याकाळी टाकी भरून ठेवायची. अर्धी रिकामी टाकी रात्री घाम धरते आणि ते पाणी सकाळी फिल्टरात उतरतं. सायलेन्सरवर डबा उपडा घाला, नाहीतर पाणी व्हॉल्व्हवाटे सिलिंडरात जाऊन इंजिन जाम. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून ठेवा. आणि सेल्फचं बटण बिघडलं म्हणून मागच्या चाकापुढं उभं राहून पान्यानं सेल्फचे टर्मिनल जोडायची जी कला गावोगाव चालते, ती विसरा. ट्रॅक्टर गिअरमध्ये असला तर चालू होताक्षणी तुमच्यावरून जातो. रस्त्यावर निघताना दोन्ही ब्रेकचे पेडल कडीनं जोडलेले हवेत. रानात वळायला ती कडी सोडलेली असते, आणि डांबरावर एकाच चाकाला ब्रेक लागला की ट्रॉली आधी वळते. साखळी टॉपलिंकच्या (अवजाराला वरून धरणाऱ्या दांड्याच्या) वरच्या भोकाला बांधून ओढायचं तर नावच नको. पुढची चाकं उचलली जातात आणि ट्रॅक्टर मागं उलटतो.

बेंदराला बैल रंगवून झाल्यावर उरलेला रंग याच्या मडगार्डला लागतो, खंडेनवमीला हळद-कुंकू आणि झेंडूची माळ. माळ हौसेनं पुढच्या जाळीवर गच्च बांधतात, तिनं रेडिएटरची हवा अडते. नव्या ट्रॅक्टरचा काटा दुपारपर्यंत लालात जाईल. आपल्याला थर्मोस्टॅट नाही. माळ राहू दे, तेवढीच ऊब.